हलता डेक : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

माळा आवरताना एएच-१झेड व्हायपर या लढाऊ हेलिकॉप्टरचा १:४८ प्रमाणातला मॉडेल संच सापडला. तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतला होता, खोक्यावरचं प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतं. भाची शेजारी बसून खोक्यावरचं चित्र बघत होती. ती आठवीत आहे. म्हणाली, "मामा, याला चाकंच नाहीत. जहाज हललं की हे घसरत नाही?"

"बांधून ठेवतात गं."

"आणि उतरल्या उतरल्या? बांधायच्या आधी?"

बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली, पण या प्रश्नाला छातीठोक उत्तर देता आलं नाही. तिच्या शाळेत डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन असतं. मॉडेल कपाटात उभं करण्यापेक्षा त्याच्याखाली खराखुरा हलणारा डेक, म्हणजे जहाजाचा वरचा सपाट मजला, करायचा आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी बघायचं, असं ठरलं. खर्चाची मर्यादा सहा हजार. ही वही त्यासाठीच.

९ जून

आधी या हेलिकॉप्टरची कुंडली मांडून ठेवतो.

अमेरिकेच्या मरीन कोअरकडे, म्हणजे जहाजांवरून लढणाऱ्या दलाकडे, एएच-१डब्ल्यू सुपर कोब्रा होतं. दोन पात्यांचा रोटर, उड्डाणाचं कमाल वजन सुमारे ६,७०० किलो. १९९६ मध्ये बेल कंपनीला त्याच्या सुधारणेचं काम मिळालं. त्यातून एएच-१झेड निघालं, ते डिसेंबर २००० मध्ये पहिल्यांदा उडालं. चार पात्यांचा कॉम्पोझिट रोटर, नवं डिजिटल कॉकपिट, नाकात नवी नेमसाधनं आणि वजन वाढून ८,३९० किलो. जुन्या ह्यूई हेलिकॉप्टरचीही तशीच सुधारणा झाली, ते यूएच-१वाय. दोघांचे सुमारे ८५ टक्के सुटे भाग सारखे. जमिनीवर ही नुसती सोय वाटेल. जहाजावर दोन जातींच्या गिअरबॉक्सना दोन कपाटं लागतात आणि तिथे कपाटभर जागेसाठीही भांडणं होतात, तेव्हा हा आकडा फार मोठा आहे.

मरीन लोक एएच-१झेडला 'झुलू' आणि यूएच-१वायला 'यांकी' म्हणतात. दोघांची जहाजावरची चाचणी २००५ मध्ये यूएसएस बटानवर झाली. वास्प वर्गाचं जहाज, २५७ मीटर लांब, ३२ मीटर रुंद, ४० हजार टनांवर. झुलूची पहिली सागरी मोहीम २०११ च्या अखेरीस यूएसएस मेकिन आयलंडवरून निघाली. म्हणजे पहिल्या उड्डाणापासून तिथवर अकरा वर्षं! इतका काळ जातो कुठे, हे मला या निमित्ताने समजून घ्यायचं आहे.

एक जुनी गोष्ट इथेच टिपतो. लष्कराचं मूळ कोब्रा एका इंजिनाचं होतं. मरीननी हट्टाने दोन इंजिनांचं सी-कोब्रा करून घेतलं. खाली शेत असेल तर एक इंजिन बंद पडल्यावर उतरायला जागा शोधता येते. खाली समुद्र असेल तर काय शोधणार?

१६ जून

आज फक्त गणित. पण मजा आली.

झुलूच्या रोटरचा व्यास ४८ फूट. १:४८ ला बरोब्बर एक फूट! इतका सरळ आकडा टूलरूममध्ये कधी वाट्याला आला नाही. बटानची रुंदी याच मापाने ६७ सेंमी आणि लांबी ५.३५ मीटरच्या आसपास. आख्खं जहाज घरात मावणार नाही, म्हणून डेकचा एकच तुकडा घ्यायचा, ६७ बाय ७५ सेंमीचा.

वजन लांबीच्या घनाने घटतं. ८,३९० किलोला ४८ च्या घनाने भागलं की ७६ ग्रॅम येतात. मॉडेल जोडून काट्यावर ठेवलं तर ते ५८ ग्रॅम भरलं. उरलेले १८ ग्रॅम गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्यांनी भरायचे. तेही कुठेही नाहीत, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जागी, नाहीतर तोल खोटा पडेल.

वेळेचं गणित मला आधी चुकलं होतं. जहाज हळू डुलतं म्हणून मॉडेलही हळू डुलवायचं, असं मी धरून चाललो होतो. पण गुरुत्वाकर्षण काही १:४८ होत नाही. जहाजांच्या टाकीतल्या प्रयोगांसाठी फ्राउडचा नियम वापरतात, त्यानुसार वेळ लांबीच्या वर्गमुळाने घटतो. ४८ चं वर्गमूळ ६.९. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक हेलकावा १४ सेकंदांचा धरला, तर माझा डेक दोन सेकंदांत हेलकावायला हवा. वाऱ्यालाही तोच भागाकार. ३० नॉटचा वारा माझ्या टेबलावर सेकंदाला सव्वादोन मीटर. कोन मात्र जसाच्या तसा राहतो, सहा अंश म्हणजे सहा अंश.

२३ जून

बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून दोन धातूच्या दात्यांचे सर्वो (सांगू त्या कोनात फिरणाऱ्या मोटरी), आर्डुइनो (त्यांना हुकूम देणारा छोटा बोर्ड), वीजपुरवठा. नंतर रविवार पेठेत नकली दागिन्यांच्या सामानाच्या दुकानात बारीक साखळी मागितली. दुकानदाराने विचारलं, "मंगळसूत्राला?" मी म्हटलं, "हेलिकॉप्टरला." त्याने काही न बोलता सर्वात बारीक कडीची साखळी काढून दिली. दोन मीटर घेतली.

३० जून

पहिली फजिती. १२ मिमीच्या प्लायचा डेक केला, मधोमध सगळीकडे झुकू देणारा सार्वत्रिक सांधा, दोन बाजूंना सर्वो. चालू केलं तर सर्वो किंचाळायला लागले आणि आर्डुइनो दर चार सेकंदांनी पुन्हा सुरू होऊ लागला. दोन चुका होत्या. डेक साडेतीन किलोचा झाला होता, आणि सर्वो व आर्डुइनो दोघांना मी एकाच पुरवठ्यावर जोडलं होतं. सर्वो वीज ओढतो, दाब पडतो, आर्डुइनो मूर्च्छित. पुरवठा वेगळा केला. डेक पाडून ४ मिमीच्या प्लायचा केला, खालून पट्ट्यांचा सांगाडा दिला.

खरी उणीव लिहून ठेवतो. माझा डेक डुलतो आणि पुढे-मागे झुकतो, पण वर-खाली होत नाही. खऱ्या जहाजावर हे वर-खाली होणं फार छळतं. मध्यापासून १०० मीटर पुढच्या जागी उभे राहा, जहाज एकच अंश झुकू द्या, तुमच्या पायाखालचा डेक पावणेदोन मीटर वर किंवा खाली गेलेला असतो. वैमानिक खाली येतोय आणि जमीन वर येतेय! तिसरी मोटर बसवायला खर्च आणि डोकं दोन्ही कमी पडतंय. पाटीवर तसं स्पष्ट लिहायचं.

७ जुलै

भाचीच्या प्रश्नाचा पहिला प्रयोग. मोटरी बंद, डेक हाताने तिरपा करत जायचं, मॉडेल कधी सुटतं ते कोनमापकावर बघायचं. तीच मोजत होती.

ऑइलपेंट दिलेल्या गुळगुळीत डेकवर १६ अंशांना घसरलं. त्यावर साबणाचं पाणी आणि थोडं तेल टाकलं तर ९ अंशांना. मग ८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला. खऱ्या डेकवर असाच खरखरीत जाड लेप असतो. आता ते घसरेचना. २० गेले, २५ गेले, आणि ३१ अंशांना घसरायच्या ऐवजी सरळ कलंडलं. एक स्किड, म्हणजे चाकांऐवजी खाली असलेल्या दोन आडव्या नळ्यांपैकी एक, तुटली.

तुटली त्याचं वाईट वाटलं, पण निष्कर्ष सोन्याचा. स्किडमधलं अंतर साडेचार सेंमी, गुरुत्वमध्य त्या मानाने उंच. पकड वाढवली की घसरणं थांबतं आणि उलटणं सुरू होतं.

अर्थात एवढं मोठं जहाज काही ३१ अंश कलंडत नाही. मग काळजी कसली? रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. माझं मॉडेल मेलेलं आहे. खऱ्याचा रोटर फिरत असतो, तो त्याला थोडं उचलून धरत असतो. वजन पुरतं डेकवर टेकलेलं नसतं, म्हणून पकडही अर्धवट असते. माझा १६ अंशांचा आकडा त्या क्षणाला लागू नाही.

८ जुलै

फेविक्विक. स्किड जोडली.

२१ जुलै

वरच्या मजल्यावरचे काका चहाला आले. नौदलात सी किंग हेलिकॉप्टरांवर मेकॅनिक होते, मुंबईत कुलाब्याला बराच काळ. डेक बघितला, बोटाने पॉलिशपेपर खरवडला आणि विचारलं, "लॅशिंग कुठाय?"

मी साखळी दाखवली. ते खूष झाले. आपल्याकडे ब्रिटिशांची भाषा, म्हणून लॅशिंग. अमेरिकन त्यालाच टाय-डाउन म्हणतात. मग तासभर ते बोलत होते आणि मी लिहून घेत होतो.

साखळ्या किती लावायच्या हे हवामानावर ठरतं. शांत समुद्र असेल तर थोड्या, वादळाचा इशारा असेल तर दुप्पट. ताण चारही बाजूंनी सारखा हवा, एकच साखळी ताठ आणि बाकी ढिल्या असतील तर ती एकटीच तुटते. सर्वात नाजूक घडी उड्डाणाआधीची. साखळ्या सोडल्या की डेकवरची पोरं त्या हातात उंच धरून वैमानिकाला दाखवतात, आणि वैमानिक मोजतो. लावलेल्या जितक्या, तितक्याच समोर दिसल्या पाहिजेत. एक जरी कमी असली तर उड्डाण नाही.

"एकीने काय होतंय?" मी विचारलं.

"अरे, एक पाय बांधलेल्या माणसाला उडी मारायला सांग."

त्यांनी जे हाताने करून दाखवलं त्याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. एक स्किड अडकलेली, रोटर वर ओढतोय. मग ओढ त्या अडकलेल्या स्किडभोवती फिरवते. एका कोनापलीकडे गेलं की वैमानिकाने कितीही दांडा उलटा दाबला तरी परत येत नाही, आणि हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं. माझ्या ३१ अंशांच्या कितीतरी आधी.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीच्या टोकाला शोधत होतो. ती म्हणाली बांधायच्या आधी काय. खरी भीती अर्धवट बांधलेलं असताना.

जाताना काकांनी कॅनडावाल्यांची गोष्ट सांगितली. १९६० च्या दशकात त्यांनी छोट्या विनाशिकांवर एवढं थोरलं सी किंग उतरवायचं ठरवलं, तेव्हा हेलिकॉप्टरच्या पोटाला तार लावून खाली खेचायची आणि डेकवरच्या सापळ्यात पकडायची युक्ती काढली. नावच 'बेअरट्रॅप', अस्वलाचा सापळा. झुलूच्या नशिबी असलं काही नाही. डेक मोठा, म्हणून पकड फक्त खरखरीत लेपाची, साखळ्यांची आणि निळ्या जर्सीतल्या पोरांची.

४ ऑगस्ट

पात्यांची घडी. या एका कामात तीन रविवार गेले.

दोन पात्यांच्या रोटरचं सुख असं की पाती धडाच्या रेषेत फिरवून उभी केली की झालं. हेलिकॉप्टर एखाद्या पट्टीसारखं अरुंद होतं, घडीची फारशी गरजच नाही. चार पाती आली की दोन पाती कायम आडवी बाहेर. १४.६ मीटरचं वर्तुळ डेकवर किंवा खालच्या हँगरमध्ये ठेवायचं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये उघडी छत्री घेऊन फिरण्यासारखं. सुधारणा करताना चार पाती घेतली, कारण थरथर कमी, वेग जास्त, भार जास्त. पण त्या निर्णयाबरोबर घडीची यंत्रणा आलीच. झुलूची घडी अर्धस्वयंचलित आहे, माणसं लागतात, पण शिडीवर चढून हातोडे मारत बसावं लागत नाही.

आपल्याकडेही नौदल आणि ध्रुव हेलिकॉप्टर यांच्यात पात्यांच्या घडीचाच मुद्दा अनेक वर्षं अडून राहिला होता. तेव्हा वर्तमानपत्रात वाचताना मला तो कारकुनी वाटला होता. आज एक मिमीच्या पिनवर चार बिजागऱ्या बसवताना समजलं की पात्याचं मूळ म्हणजे सर्वात जास्त ताणाची जागा, आणि नेमका तिथेच सांधा करा असं समुद्र म्हणतो.

माझी दोन पाती घडी करताना तुटली. तिसऱ्या खेपेला पितळी नळी वापरली, जमलं.

वाऱ्याचंही इथेच टिपतो. रोटर सुरू होताना आणि थांबताना गती कमी असते, तेव्हा पात्यांना ताठ धरणारा जोर नसतो. त्या क्षणी डेकच्या कडेवरून वर उसळलेला झोत आला की पातं शिडासारखं फडकतं आणि खाली येताना आपल्याच धडावर आपटू शकतं. सी नाइट या दोन रोटरच्या हेलिकॉप्टरांना या रोगाने फार छळलं. म्हणून नुसतं उडण्या-उतरण्याची नाही, रोटर सुरू आणि बंद करण्याचीही वाऱ्याची मर्यादा वेगळी तपासावी लागते.

१८ ऑगस्ट

उदबत्त्यांचा दिवस. घरात चार पुडे संपले, शेजारणीने विचारलं कसली पूजा आहे.

जहाजाच्या उजव्या कडेला इमारतीसारखं उंच बांधकाम असतं, त्याला आयलंड म्हणतात. पुठ्ठ्याचं आयलंड करून डेकच्या कडेला चिकटवलं. टेबलफॅन लांब ठेवला, समोर स्ट्रॉच्या नळ्यांची जाळी लावली, म्हणजे वारा सरळ येतो. स्वस्तातल्या वातमापकावर सेकंदाला २.२ मीटर मिळाले.

वारा समोरून, म्हणजे नाळेकडून सोडला तेव्हा धूर सरळ रेषेत डेकवरून गेला. मग फॅन उजवीकडे सरकवला, वारा आयलंडवरून येईल असा. धूर आयलंडच्या माथ्यावरून उडी मारून पलीकडे खाली कोसळला आणि जिथे मॉडेल उभं होतं तिथेच गोल गोल घुमू लागला. एक भोवरा तर उलटा, आयलंडकडे परत. भाचीने मोबाइलवर हळू गतीत टिपलं. मी ते वीस वेळा पाहिलं असेन.

घाटात गाडी चालवताना डोंगराच्या आडून एकदम मोकळ्यावर आलं की वारा धक्का देतो. इथे उलटं आहे. वैमानिक मोकळ्या वाऱ्यातून डावीकडून सरकत डेकवर येतो, हातातले सगळे दाब त्या वाऱ्याला बेतलेले, आणि डेकची कड ओलांडली की वारा गायब. नाहीतर खालून वर. तेही नेमकं जमिनीपासून दोन-तीन मीटरवर.

१ सप्टेंबर

आता तो आलेख, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप.

हेलिकॉप्टरच्या जहाजावरच्या चाचणीतून शेवटी हाती येतं ते एक चित्र. कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं, मध्यभागी वरून दिसणारं जहाज. दिशा म्हणजे डेकवर वारा कुठून येतोय, मध्यापासूनचं अंतर म्हणजे त्याचा वेग. त्यावर एक वेडावाकडा आकार काढलेला असतो. वारा त्या आकाराच्या आत असेल तर उतरा, बाहेर असेल तर नाही.

हा आकार गणिताने पुरता निघत नाही, टिंब टिंब करून भरावा लागतो. चाचणी वैमानिक आधी अगदी सौम्य वाऱ्यात उतरतो. मग थोडा जास्त वारा, मग थोडी वेगळी दिशा. दिवसा झालं की रात्री, हलक्या वजनावर झालं की जड. प्रत्येक वेळी किती झगडावं लागलं याला तो आकड्यात गुण देतो. अशा गुणपट्टीची थोरली बहीण म्हणजे १९६९ ची कूपर-हार्पर पट्टी, १ ते १०, आणि तिच्यात १ सर्वात चांगला. आपल्या शाळेच्या अगदी उलट. मर्यादा ठरवताना वैमानिकाला जमलं का एवढंच बघत नाहीत. हा निवडून घेतलेला चाचणी वैमानिक आहे. जहाजावर पहिल्या मोहिमेला आलेल्या, झोप न झालेल्या पोराला रात्री दोन वाजता जमेल का, हे बघायचं असतं.

आणि वारा हवा तसा मिळायचा कसा? जहाज वळवून, त्याचा वेग कमी-जास्त करून. एका टिंबासाठी ४० हजार टनांचं जहाज वळवायचं! अकरा वर्षांतली काही वर्षं कुठे जात असतील ते इथे कळलं.

आकार वेडावाकडा का, याचं एक कारण आयलंड. दुसरं शेपटीचा पंखा. तो मुख्य रोटरचा पीळ तोलून धरतो. काही दिशांनी वारा आला की त्याच्यावर इतका भार पडतो की वैमानिकाचा पाय पेडलच्या टोकाला जाऊन टेकतो आणि पुढे द्यायला काही उरत नाही. म्हणून डावी-उजवी बाजू कधीच सारखी नसते.

मी माझ्या धुराच्या प्रयोगावरून एक गमतीचा आलेख केला. दर १५ अंशांना फॅन हलवायचा, धूर सरळ असेल तर हिरवा ठिपका, घुमत असेल तर लाल. २४ ठिपके. त्याला खऱ्या आलेखाची किंमत अजिबात नाही, पण उजवीकडे लाल खड्डा पडलेला स्पष्ट दिसतो.

८ सप्टेंबर

गणपती. दोन्ही सर्वो सोसायटीच्या मंडळाने देखाव्याच्या हत्तीची सोंड हलवायला नेले. विसर्जनापर्यंत काम बंद.

२९ सप्टेंबर

सर्वो परत आले, एकाचा एक दाता झिजलेला. सोंड जड होती म्हणे.

आज प्रोग्रॅम सुधारला. आतापर्यंत डेक घड्याळाच्या लंबकासारखा डुलत होता, इकडे-तिकडे, इकडे-तिकडे. काका म्हणाले, "हा समुद्र नाही, पाळणा आहे." खरं होतं. मग तीन लाटा एकत्र केल्या, २, २.३ आणि ३.१ सेकंदांच्या. परिणाम बघून अंगावर काटा आला. डेक आता मनात येईल तसं वागतो. दोन मोठे हेलकावे, एक अर्धवट, मग अचानक दोन-तीन सेकंद जवळजवळ स्तब्ध, मग पुन्हा.

ती स्तब्धता महत्त्वाची आहे. पहिल्या दोन लाटा एकमेकींना साधारण दर १५ सेकंदांनी मारतात. जहाजाच्या वेळेत ते पावणेदोन मिनिटांच्या आसपास. खऱ्या समुद्रात ती इतकी नियमित नसते, पण असते. वैमानिक डेकच्या वर तरंगत तिचीच वाट बघतो, आणि पिवळ्या जर्सीतला माणूस हातांनी खुणावत असतो. आली की टेकव. किनाऱ्यावरचे मच्छीमारही होडी लाटांतून बाहेर काढताना असंच मोजत थांबतात.

भाचीला चिमट्याने मॉडेल डेकवर ठेवायला सांगितलं. पहिल्या खेपेला घाई केली, एक स्किड आधी टेकली आणि मॉडेल झुकलं. पाचव्या खेपेपासून ती श्वास रोखून थांबायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं.

२० ऑक्टोबर

दिवाळीच्या सफाईत सगळं गॅलरीत हाकललं गेलंय. हाताने काही करता येत नाही, म्हणून दुसऱ्यांनी काय केलं ते वाचलं.

ब्रिटनचं अपाचे हे स्थलसेनेचं हेलिकॉप्टर. तरी वेस्टलँडने बांधलेल्या त्यांच्या आवृत्तीत पात्यांना घडी ठेवली होती. त्याचं चीज २०११ मध्ये झालं. जूनच्या सुरुवातीला एचएमएस ओशन या जहाजावरून स्थलसेनेचे वैमानिक अपाचे घेऊन लिबियावर गेले. सैन्याची माणसं, जहाजाच्या बोळांत डोकं आपटत, रात्री समुद्रावरून. आधीच्या समुद्री चाचण्या नसत्या तर हे ऐनवेळी कुणी करू धजलं नसतं. ओशन आता ब्राझीलकडे आहे.

रशियाची गोष्ट नेमकी उलट, हेलिकॉप्टर तयार आणि जहाज नाही. त्यांनी २०११ मध्ये फ्रान्सकडे दोन मिस्ट्राल जहाजं मागवली. त्यांच्यासाठी केए-५२के हे घडीच्या पात्यांचं आणि घडीच्या पंखांचं हेलिकॉप्टर केलं, ते मार्च २०१५ मध्ये उडालं. त्याच वर्षी जहाजांचा सौदा मोडला आणि ती इजिप्तला गेली. मग केए-५२के सीरियाच्या मोहिमेत कुझनेत्सोव विमानवाहू जहाजावर तपासायला नेलं. मला स्वतःला याची रचना डेकसाठी जास्त पटते. एकावर एक दोन रोटर, उलट दिशांना फिरणारे, त्यामुळे शेपटीचा पंखाच नाही आणि पेडल संपण्याचं ते दुखणंही नाही. पण ते बनवणाऱ्या कामोव्ह कंपनीने ती वाट फार पूर्वी धरली होती, बेलला तिकडे वळणं शक्य नव्हतं. सुधारणा म्हणजे जुन्या घरात नवं स्वयंपाकघर, भिंती त्याच.

१० नोव्हेंबर

क्षेपणास्त्रं लावायची की नाही? संचात सोळा हेलफायर, दोन साइडवाइंडर, रॉकेटच्या नळ्या, सगळं आहे. पोरांना तेच आवडणार. पण जहाजावर शस्त्र लावलं की अख्खा वेगळा अध्याय सुरू होतो. रॉकेट विजेच्या ठिणगीने सुटतं आणि डेकच्या डोक्यावर ताकदीचे रडार फिरत असतात. त्यांच्या लहरींनी एखाद्या तारेत नको ती वीज उमटू नये, म्हणून प्रत्येक शस्त्र आणि प्रत्येक जोडणी रडार चालू असताना तपासावी लागते.

एक नको ती वीज काय करते याचा दाखला वेगळ्या कारणाचा आहे, पण विसरण्यासारखा नाही. २९ जुलै १९६७, यूएसएस फॉरेस्टल. डेकवर उभ्या विमानाचा वीजपुरवठा बदलताना झटका आला आणि एक झुनी रॉकेट आपोआप सुटलं. समोरच्या विमानाची इंधनटाकी फुटली. १३४ माणसं गेली.

पंख रिकामे ठेवले. एक हेलफायरसुद्धा नाही. भाची थोडी हिरमुसली.

१ डिसेंबर

रंगीत तालीम. डेकवर कागदाची माणसं उभी केली: पिवळा खुणा करणारा, निळे साखळ्यांचे, जांभळे इंधनाचे, लाल शस्त्रांचे आणि आगीचे, हिरवे दुरुस्तीचे. गोंगाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून रंग.

साखळ्या एकूण बारा केल्या, टोकाला तांब्याच्या तारेचे आकडे. आठ लावायच्या, चार राखीव. एकूण खर्च ६,३४०. मर्यादा ओलांडली, उदबत्त्या धरलेल्या नाहीत.

काकांनी शेवटची सूचना केली: सुरुवातीला आणि शेवटी डेकवर चालायचं. खऱ्या जहाजावर सगळे एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि मान खाली घालून डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. स्क्रू, वायर, टोपणाचा तुकडा, काय सापडेल ते उचलायचं. इंजिनाने ते गिळलं तर संपलं. भाचीने पाटीवर पहिलाच नियम लिहिला: 'आधी डेक झाडा, मग साखळ्या मोजा.'

१४ डिसेंबर

प्रदर्शन. सकाळी नऊ ते चार. टेबलापुढे सतत गर्दी. पोरांना धुराचं वेड, उदबत्ती हातात घेण्यासाठी रांग. एका पालकाने विचारलं की यात गोळ्या कुठून सुटतात, भाचीने त्यांना आलेखातला लाल खड्डा समजावून सांगितला. ते ऐकून घेऊन पुढे गेले.

अडीच वाजता झिजलेल्या दात्याच्या सर्वोने मान टाकली. डेक फक्त डुलू लागला, झुकणं बंद. कुणाच्या लक्षात आलं नाही.

चार वाजता आवरताना तिने साखळ्या डबीत भरल्या. मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या, अकराच. मी म्हटलं, जाऊ दे, दोन रुपयांची साखळी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. मग तिने वर्गातल्या सात-आठ जणांना हाक मारली, हॉलच्या भिंतीपाशी एका रांगेत उभं केलं, आणि सगळी माना खाली घालून हळूहळू चालत खिडकीकडे निघाली. मीही टोकाला उभा राहिलो.

पहिल्या फेरीत एक शिसपेन्सिल, दोन टाचण्या आणि कुणाचं तरी बटण. दुसऱ्या फेरीत कापसाचा बोळा. साखळी नाही. शिपाईकाका किल्ल्या वाजवत दारात येऊन उभे राहिले. आम्ही तिसरी फेरी आडवी घेतली.

१५ डिसेंबर

सापडली. माझ्या स्वेटरला आकडा अडकला होता.